दख्खनी मेंढीतील आनुवंशिक अनुकूलन आणि निवड

दख्खनी मेंढी ही दख्खनच्या पठारावरील कोरडवाहू प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाणारी मेंढीची देशी जात आहे. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेश या राज्यांत तिचा आढळ असून महाराष्ट्रात तिचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी म्हणजेच सांगोला, आणि कोल्हापुरी असे चार स्थानिक वाण मानले जातात. कमी चारा, लांबची पायपीट, उन्हाळ्यातील पाणीटंचाई आणि पावसाळ्यातील रोगराई यांत तगून राहण्याची क्षमता हे या जातीचे मुख्य वैशिष्ट्य होय. ही क्षमता दोन प्रकारच्या निवडींतून घडली आहे. पहिली निसर्गाची निवड. तीत प्रतिकूल परिस्थितीत जगू न शकलेल्या जनावरांचा वंश पुढे चालत नाही. दुसरी मेंढपाळाची निवड. तीत कळपात कोणता नर ठेवायचा आणि कोणता विकायचा हे माणूस ठरवतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विज्ञानाधिष्ठित निवड ही तिसरी वाट खुली झाली. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे झालेला फेकबी जनुकाचा प्रयोग हे तिचे महत्त्वाचे उदाहरण आहे.

== उगम आणि इतिहास ==

पाळीव मेंढीचे शास्त्रीय नाव ओव्हिस एरिस असून तिच्या पेशीत ५४ गुणसूत्रे असतात. सुमारे दहा ते अकरा हजार वर्षांपूर्वी नैर्ऋत्य आशियात मेंढी माणसाळवली गेली आणि तेथून ती भारतीय उपखंडात पसरली. आईकडून संततीकडे जाणाऱ्या तंतुकणिकांतील डीएनएच्या अभ्यासात भारतीय मेंढ्यांमध्ये ‘अ’ या वंशगटाचे प्राबल्य दिसून आले आहे. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात शेळ्या-मेंढ्यांची हाडे सापडली आहेत. त्यावरून दख्खनवर पशुपालन किमान तीन हजार वर्षांपासून चालत आल्याचे दिसते.

दख्खनी मेंढीचा इतिहास महाराष्ट्रातील धनगर आणि कर्नाटकातील कुरुब या पशुपालक समाजांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. धनगरांमध्ये हाटकर आणि खुटेकर हे प्रामुख्याने मेंढीपालन करणारे गट आहेत. सनगर हे लोकरीची घोंगडी विणणारे म्हणून ओळखले जातात, तर सह्याद्रीच्या डोंगरात राहणारे गवळी धनगर म्हशी पाळत आले आहेत. जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसोबा आणि खंडोबा या पशुपालकांच्या दैवतांवर विस्तृत संशोधन केले. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली येथे दसऱ्यानंतर विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. तीत भंडाऱ्याबरोबर लोकर आणि खारीक-खोबरे उधळले जाते. महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांतून मेंढपाळ तेथे येतात.

== भौगोलिक पार्श्वभूमी ==

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचा अतिपावसाचा पट्टा आहे. गगनबावडा आणि राधानगरी या तालुक्यांत पावसाचे प्रमाण फार मोठे असते. पूर्वेकडे शिरोळ आणि हातकणंगले या तालुक्यांत ते झपाट्याने कमी होते. त्यापुढे सांगली जिल्ह्यातील जत, कवठेमहांकाळ आणि आटपाडी हे अवर्षणप्रवण तालुके लागतात. अवघ्या शंभर-दीडशे किलोमीटरच्या अंतरात हवामानाचा एवढा मोठा फरक असल्याने मेंढीपालनाची रीतही त्याला धरून घडली आहे.

मेंढीला सतत ओली जमीन आणि भिजलेली लोकर मानवत नाही. चिखलात खुरांचे रोग वाढतात आणि ओल्या कुरणात जंतांची अंडी व अळ्या टिकून राहतात. त्यामुळे पावसाळ्यात कळप पूर्वेकडील कोरड्या माळावर राहतात. पावसाळा संपल्यावर, विशेषतः दसरा-दिवाळीनंतर, बरेच कळप नदीखोऱ्यांकडे व पश्चिमेकडे चाऱ्याच्या शोधात निघतात. वाटेत शेतकऱ्यांच्या रिकाम्या शेतात मेंढ्या बसवल्या जातात. मेंढ्यांच्या लेंड्या आणि मूत्र यांमुळे जमिनीला खत मिळते, तर मेंढपाळाला त्याबदली धान्य किंवा रोख रक्कम मिळते. मेंढपाळ कुटुंबांच्या अशा फिरत्या मुक्कामाला ‘वाडा’ म्हणतात. वर्षातील कित्येक महिने चालत राहणे हा या मेंढीच्या जीवनक्रमाचा भाग असल्याने चालण्याची क्षमता ही तिच्यातील निवडीची एक मूलभूत कसोटी ठरली.

== शारीरिक लक्षणे ==

दख्खनी मेंढी मध्यम ते लहान चणीची असते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारणपणे ३५ ते ४० किलो, तर मादीचे २५ ते ३० किलो भरते. काळा रंग सर्वांत जास्त आढळतो; काळ्यावर पांढरे ठिपके किंवा पट्टे, करडा आणि पांढरा हे रंगही दिसतात. नाकाचा उंचवटा बाकदार, कान मध्यम लांबीचे व लोंबते आणि शेपूट आखूड व बारीक असते. नरांना सामान्यतः शिंगे असतात, माद्यांना बहुधा नसतात.

लोकर जाडीभरडी, विरळ आणि केसाळ असते. तिच्या तंतूची सरासरी जाडी ५० मायक्रॉनच्या आसपास असते. तुलनेने मेरिनो मेंढीची लोकर सहसा २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असते. लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते आणि दर कातरणीस एका मेंढीपासून साधारण पाव ते अर्धा किलो लोकर मिळते. या लोकरीचे सूत खड्ड्याच्या मागावर विणून आणि त्याला चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी तयार केली जाते. लोकर थापून केलेले जेनही वापरात होते.

== नैसर्गिक निवड आणि अनुकूलन ==

एखाद्या जातीत अनुकूलन घडण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात. कळपातील जनावरांत एखाद्या गुणाबाबत फरक असावा लागतो, त्या फरकाचा काही भाग आनुवंशिक असावा लागतो, आणि त्या फरकामुळे जगण्याच्या किंवा संतती वाढवण्याच्या शक्यतेत कमीजास्तपणा यावा लागतो. दख्खनच्या पठारावर दुष्काळ वारंवार पडत आले आहेत. प्रत्येक दुष्काळात कळपातील काही जनावरे दगावतात. जी तगतात त्यांचीच जनुके पुढील पिढीत जातात.

=== उष्णता आणि चारा ===

मेंढी शरीरातील जादा उष्णता प्रामुख्याने धापा टाकून बाहेर टाकते. दाट व बारीक लोकर थंड हवेत उपयोगी पडते. उष्ण व दमट हवेत मात्र तिच्यामुळे उष्णता बाहेर टाकणे अवघड होते. विरळ व भरड लोकर उन्हाची झळ त्वचेपर्यंत पोहोचू देत नाही आणि हवाही खेळती ठेवते. लहान देहाच्या मेंढीला निभावणीसाठी चारा व पाणी कमी लागते. सुकलेले गवत, पिकांची धसकटे, झाडांचा पाला आणि बाभळीच्या शेंगा एवढ्यावर ती उन्हाळा काढू शकते. चांगला चारा मिळताच ती लवकर भरते आणि टंचाईच्या काळात हा साठा वापरते.

=== प्रजननाचा हंगाम ===

समशीतोष्ण प्रदेशातील मेंढ्यांचे माजावर येणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. दख्खनच्या अक्षांशावर दिवसाची लांबी वर्षभरात फारशी बदलत नाही. त्यामुळे येथील मेंढ्यांचा माज मुख्यतः चाऱ्याच्या उपलब्धतेशी निगडित झाला आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीस हिरवे गवत आल्यावर बहुसंख्य माद्या फळतात. गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असल्याने कोकरे हिवाळ्याच्या सुमारास जन्मतात. त्या वेळी पिकांची काढणी झालेली असते आणि दुधासाठी आईला पुरेसा चारा मिळतो.

=== एकच कोकरू ===

दख्खनी मेंढी एका वेतात बहुधा एकच कोकरू देते. जुळी क्वचितच होतात. उत्पादनाच्या दृष्टीने हा उणेपणा वाटला तरी फिरस्तीच्या जीवनात त्याला अर्थ आहे. रोज काही किलोमीटर चालणाऱ्या आणि बेताचे दूध असणाऱ्या आईला दोन कोकरे वाढवणे कठीण जाते. जुळी कोकरे जन्मतः वजनाने कमी असतात व त्यांच्यातील मरतूकही जास्त असते. अशा परिस्थितीत एकच पण दणकट कोकरू देणाऱ्या माद्यांचा वंश टिकणे स्वाभाविक मानले जाते.

=== रोगप्रतिकार ===

हिमॉंकस कॉन्टॉर्टस हा मेंढीच्या चौथ्या जठरात राहून रक्त शोषणारा जंत पावसाळ्यात मोठे नुकसान करतो. या जंताला तोंड देण्याची क्षमता अंशतः आनुवंशिक असते आणि ती विष्ठेतील अंड्यांच्या मोजणीवरून ताडता येते. फलटण येथील अभ्यासात बंगालच्या गॅरोल मेंढीची ही क्षमता दख्खनी व बन्नूर मेंढ्यांपेक्षा अधिक आढळली. यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते : अनुकूलन हे नेहमी विशिष्ट परिस्थितीशी असते. सुंदरबनच्या दलदलीत घडलेल्या गॅरोलला जंतांचा सामना वर्षभर करावा लागला, तर दख्खनी मेंढीला दुष्काळ आणि पायपीट यांचा. सर्व गुणांत श्रेष्ठ अशी कोणतीही एक जात नसते.

== मेंढपाळांची निवड ==

मेंढपाळ कळपातील बहुतेक माद्या ठेवतो आणि बहुतेक नर कोकरे तीन-चार महिन्यांची झाली की विकतो. शेकडा माद्यांमागे पैदाशीसाठी दोन-चार एडके पुरेसे होतात. त्यामुळे पुढील पिढीवर एडक्याच्या निवडीचा प्रभाव सर्वांत मोठा असतो. एडका निवडताना त्याची आई किती दुधाळ आहे, तिची कोकरे किती जगली, त्याची चण, पाय, खूर, शिंगे आणि रंग हे पाहिले जाते. लिखित नोंदी नसल्या तरी कुटुंबातील माणसांना प्रत्येक मेंढीची वंशावळ तोंडपाठ असते. नात्यातील कळपांमध्ये एडक्यांची देवाणघेवाण होते आणि त्यामुळे अंतःप्रजननाला आळा बसतो.

=== रंगाची निवड ===

घोंगडी रंग न देता विणली जात असल्याने काळ्या लोकरीला पूर्वापार मागणी होती. या मागणीमुळे काळ्या एडक्यांची निवड होत राहिली. मेंढीतील काळा रंग मुख्यतः दोन जनुकांशी संबंधित आहे. एमसी१आर या जनुकाच्या एका रूपामुळे येणारा काळा रंग प्रभावी असतो; आईबापांपैकी एकाकडून ते रूप मिळाले तरी कोकरू काळे होते. एएसआयपी या जनुकातील बदलामुळे येणारा काळा रंग अप्रभावी असतो; त्यासाठी दोन्हीकडून तेच रूप यावे लागते. दुसऱ्या प्रकारात पांढऱ्या जातीशी संकर केल्यास काळा रंग पहिल्याच पिढीत दिसेनासा होतो, पण जनुक लपून राहते आणि पुढे कधीतरी काळे कोकरू जन्मते.

=== नकळत होणारी उलटी निवड ===

बाजारात वजनदार कोकराला आधी गिऱ्हाईक मिळते. घरखर्च, औषधपाणी किंवा कर्जफेडीसाठी पैशाची निकड असलेला मेंढपाळ सर्वांत वेगाने वाढलेली नर कोकरे प्रथम विकतो. मागे राहिलेल्या सावकाश वाढणाऱ्या नरांपैकीच एखादा एडका होतो. अशा रीतीने वाढीच्या वेगाबाबत निवड उलट्या दिशेने होऊ शकते. चांगले नर कोकरू लहानपणीच हेरून ते न विकणे हा त्यावरील सोपा उपाय असला तरी त्यासाठी तत्काळ मिळणाऱ्या पैशावर पाणी सोडावे लागते. म्हणूनच निवडलेले नर मेंढपाळांकडून विकत घेणे किंवा त्यांना चांगले एडके पुरवणे हा पैदास सुधार कार्यक्रमांचा एक भाग असतो.

== निवडीचे गणित ==

शरीराचे वजन, दूध किंवा लोकरीचे प्रमाण यांसारखे गुण अनेक जनुकांवर आणि परिस्थितीवर अवलंबून असतात. एखाद्या कळपात दिसणाऱ्या फरकाचा जेवढा भाग पुढील पिढीत उतरतो, त्याला आनुवंशिकता म्हणतात आणि ती ० ते १ या दरम्यान मोजतात. निवडीमुळे एका पिढीत होणारी सुधारणा पुढील सूत्राने काढता येते :

सुधारणा = आनुवंशिकता × निवड-फरक

येथे निवड-फरक म्हणजे निवडलेल्या आईबापांची सरासरी आणि संपूर्ण कळपाची सरासरी यांतील अंतर. उदाहरणादाखल, कळपातील कोकरांचे सहा महिन्यांचे सरासरी वजन १५ किलो, निवडलेल्या आईबापांचे त्या वयातील सरासरी वजन १८ किलो आणि आनुवंशिकता ०.२ मानली, तर निवड-फरक ३ किलो आणि पुढील पिढीतील अपेक्षित वाढ ०.६ किलो येते. माद्यांची निवड न करता केवळ एडकेच तसे निवडले तर ही वाढ निम्मी, म्हणजे ०.३ किलो होते. सुधारणा संथ असली तरी ती पिढ्यागणिक साचत जाते.

निवड जितकी कडक तितके एडके कमी, आणि एडके कमी झाले की अंतःप्रजनन वाढते. कळपाची परिणामकारक संख्या पुढील सूत्राने मिळते :

परिणामकारक संख्या = (४ × नर × माद्या) ÷ (नर + माद्या)

दोन एडके आणि शंभर माद्या असलेला कळप बंदिस्त राहिल्यास त्याची परिणामकारक संख्या सुमारे ८ भरते, म्हणजे आनुवंशिकदृष्ट्या तो कळप चार नर व चार माद्यांच्या कळपासारखा ठरतो. अशा कळपात दर पिढीस अंतःप्रजनन सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. परिणामी कोकरांची मरतूक वाढते आणि प्रजननक्षमता घटते. एडक्यांची देवाणघेवाण करण्याच्या पारंपरिक प्रथेचे महत्त्व या गणितावरून स्पष्ट होते.

== लोकरीकडून मांसाकडे ==

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनी मेंढीचा रॅम्बुले व मेरिनो या बारीक लोकरीच्या विदेशी जातींशी संकर करण्याचे प्रयत्न शासकीय प्रक्षेत्रांवर झाले. लोकरीचा दर्जा सुधारला, तरी फिरत्या कळपांत संकरित मेंढ्यांचा प्रसार झाला नाही. उष्ण हवा, निकृष्ट चारा आणि लांबची चाल यांत त्या टिकाव धरू शकल्या नाहीत. शिवाय घोंगडीसाठी भरड लोकरच लागत असल्याने बारीक लोकरीला स्थानिक बाजारही नव्हता.

पुढे यंत्रावर तयार होणारी स्वस्त ब्लँकेटे आल्याने घोंगडीची मागणी घटली. लोकर विकून कातरणीचा खर्चही निघेनासा झाला. मेंढीपालनाचे उत्पन्न जवळजवळ संपूर्णपणे मांसावर अवलंबून राहू लागले. कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या खाद्यपरंपरेमुळे या भागात मटणाला मोठी मागणी आहे. २०१९ च्या अखेरीस मटणाच्या वाढत्या दरावरून कोल्हापुरात नागरिकांचे आंदोलन झाले होते. दुसरीकडे सिंचन आणि उसाचे क्षेत्र वाढल्याने गायराने व माळराने आक्रसली. तोडणीनंतरचे उसाचे वाढे आणि पाचट असलेली शेते यांचा कळपांना काही काळ उपयोग होतो, पण वर्षभराची चराई त्यातून भागत नाही. अशा रीतीने ज्या परिस्थितीत ही जात घडली ती परिस्थिती आणि ज्या गुणांसाठी ती निवडली गेली ते गुण, दोन्ही एकाच वेळी बदलत आहेत.

== माडग्याळ मेंढी ==

सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात असलेल्या माडग्याळ गावावरून ओळखली जाणारी मेंढी ही या बदलाची ठळक खूण आहे. ती दख्खनीपेक्षा उंच व वजनदार असून पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लांब मान, लांब लोंबते कान आणि पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक ही तिची ओळख आहे. अंगावर लोकर अत्यल्प असते आणि कोकरांची वाढ वेगाने होते. मांसासाठी तिला अधिक भाव मिळत असल्याने कोल्हापूर, सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील अनेक कळपांत माडग्याळ एडके वापरले जाऊ लागले आहेत.

नाकाचा बाक आणि अंगावरील ठिपके यांना बाजारात फार महत्त्व दिले जाते. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाख रुपयांची मागणी आल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या होत्या. एखाद्या नामांकित एडक्याचीच संतती सर्वत्र पसरली तर थोड्या पिढ्यांत दूरदूरचे कळपही एकमेकांचे नातलग बनतात आणि त्या एडक्यातील लपलेले दोषही पसरतात. रूपावर आधारलेली निवड वाढ, दूध किंवा रोगप्रतिकार यांची खात्री देत नाही. एकाच वेळी जितक्या जास्त गुणांसाठी निवड करावी, तितकी प्रत्येक गुणातील प्रगती कमी होते, हे निवडीच्या शास्त्राचे एक मूलभूत तत्त्व आहे.

== फेकबी जनुक आणि फलटणचा प्रयोग ==

=== जनुकाचा शोध ===

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतातील बुरूला या मेंढीप्रक्षेत्रावर जुळी-तिळी देणारा मेरिनो मेंढ्यांचा एक वंश विसाव्या शतकाच्या मध्यास प्रसिद्धीस आला. त्यांची बहुप्रसवता एकाच प्रमुख जनुकामुळे असल्याचे १९८० च्या सुमारास लक्षात आले व त्याला फेकबी हे नाव मिळाले. २००१ मध्ये तीन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, हे उत्परिवर्तन मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरील बीएमपीआर१बी या जनुकात आहे. त्यामुळे संबंधित प्रथिनातील २४९ व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल येते. परिणामी अंडाशयातील पुटके लहान आकाराची असतानाच पक्व होतात आणि एका माजात एकापेक्षा अधिक स्त्रीबीजे सुटतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९२ व १७९३ मध्ये, कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात नेण्यात आल्या होत्या. त्यांच्यामार्फत हे जनुक तेथे गेले असावे, असा तर्क हेलन न्यूटन टर्नर यांनी मांडला होता. सुंदरबनमधील गॅरोल मेंढ्यांत हेच उत्परिवर्तन असल्याचे डीएनए चाचणीतून २००२ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर या तर्काला बळकटी मिळाली.

=== दख्खनी मेंढीत जनुकाचे संक्रमण ===

फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेची स्थापना बनविहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये केली. १९९० च्या दशकात संस्थेने गॅरोल मेंढ्या फलटणला आणून त्यांचा लोणंद वाणाच्या दख्खनी मेंढ्यांशी तसेच बन्नूर मेंढ्यांशी संकर सुरू केला. चंदा निंबकर आणि प्रदीप घळसासी यांचा या कामात प्रमुख सहभाग होता. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातील विद्यापीठे यांचे सहकार्य, तसेच ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राचे अर्थसाहाय्य या प्रकल्पास लाभले.

गॅरोल ही १० ते १५ किलो वजनाची अगदी लहान मेंढी आहे. तिचे एकच जनुक हवे होते. लहान आकार नको होता. त्यासाठी प्रतिसंकराची पद्धत वापरली गेली. पहिल्या संकरात गॅरोलचा वाटा ५० टक्के असतो. ही संतती पुन्हा दख्खनीशी जोडल्यास तो २५ टक्के आणि त्यापुढील पिढीत १२.५ टक्के होतो. दर पिढीत फेकबी असलेलीच कोकरे निवडली, तर इतर गुण दख्खनीचे होत जातात आणि हवे ते जनुक टिकून राहते. शरीरवजन व दूध वाढवण्यासाठी अवासी या पश्चिम आशियाई जातीचाही उपयोग करण्यात आला. या पैदाशीतून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार झाला.

फेकबीचा वारसा मेंडेलच्या नियमानुसार चालतो. जनुकाच्या दोन प्रती असलेला एडका साध्या मेंढीशी जोडल्यास सर्व कोकरांना एक प्रत मिळते. एक प्रत असलेला एडका जोडल्यास सरासरीने निम्म्या कोकरांना ती मिळते. जनुक नर कोकरात बाहेरून ओळखता येत नाही, कारण त्याचा परिणाम फक्त मादीच्या अंडाशयात दिसतो. डीएनए चाचणी उपलब्ध होण्यापूर्वी एडक्याच्या लेकी विण्याची वाट पाहावी लागे. रक्ताच्या थेंबावरून जनुक ओळखता येऊ लागल्याने काही वर्षांचा हा काळ वाचला.

=== परिणाम ===

साध्या दख्खनी मेंढीला एका वेतात सरासरी एकाहून थोडी अधिक कोकरे होतात. फेकबीची एक प्रत असलेल्या मेंढीत ही सरासरी सुमारे दीडपर्यंत जाते. तिळ्यांचे प्रमाण वाढल्यास मरतूक वाढते. म्हणून मेंढपाळाच्या दृष्टीने एक प्रत असलेली, बहुधा जुळी देणारी मेंढी सोयीची ठरते.

जन्मलेल्या कोकरांची संख्या आणि जगलेल्या कोकरांची संख्या यांत फरक असतो. समजा शंभर माद्यांना १०० कोकरे झाली व त्यांतील ९५ टक्के जगली, तर ९५ कोकरे हाती येतात. फेकबी असलेल्या शंभर माद्यांना १५० कोकरे झाली आणि ८५ टक्केच जगली, तरी ती १२७ भरतात. जगण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांच्या आसपास घसरले, तर मात्र हा फायदा संपतो. त्यामुळे गाभण व दुभत्या मेंढीला पूरक खुराक, वेळेवर लसीकरण, जंतनाशक आणि अशक्त कोकरांना वरचे दूध या गोष्टी जनुकाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. स्थिर मुक्कामाच्या लहान कळपांत हे व्यवस्थापन शक्य होते; दूरवर फिरणाऱ्या मोठ्या कळपांत ते अवघड जाते. म्हणून फेकबीचा प्रसार सरसकट न करता मेंढपाळाच्या परिस्थितीनुसार करावा लागतो.

राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनेही गॅरोल, मालपुरा आणि पाटणवाडी या जातींच्या संकरातून फेकबी जनुक असलेला ‘अविशान’ हा वाण विकसित केला आहे.

== संवर्धन ==

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ७.४३ कोटी मेंढ्या होत्या व त्यांपैकी सुमारे २७ लाख महाराष्ट्रात होत्या. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो देशी जातींची नोंदणी करतो. त्यात दख्खनी मेंढीचा समावेश आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ मेंढी सुधारणेच्या अखिल भारतीय प्रकल्पांतर्गत दख्खनी मेंढीवर काम करते. राज्यात पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे असून तेथे पैदाशीच्या जनावरांची जोपासना केली जाते.

एखादी जात नष्ट होण्यासाठी तिची सर्व जनावरे मरावी लागत नाहीत. सतत बाहेरचे एडके वापरल्याने तिची विशिष्ट जनुकरचना विरघळून जाते आणि कळपांची संख्या कायम असतानाही जात नाहीशी होते. लोकरीच्या दख्खनी मेंढीसमोरील धोका मुख्यतः या स्वरूपाचा आहे. मांसल जातींशी झालेल्या संकरातून पहिल्या पिढीत वजन वाढते. दुष्काळात तगण्याची आणि चालण्याची क्षमता घटल्यास ते नुकसान मात्र एखादे अवर्षणाचे वर्ष येईपर्यंत लक्षात येत नाही.

संवर्धनाचे दोन मार्ग आहेत. गोठवलेले वीर्य व भ्रूण जपून ठेवल्याने जनुके सुरक्षित राहतात, परंतु ती बदलत्या हवामानाशी जुळवून घेत नाहीत. मेंढपाळांच्या कळपात जात जिवंत ठेवल्यास नैसर्गिक निवड चालू राहते. त्यासाठी चराईची जमीन, स्थलांतराच्या वाटा आणि लोकरीला भाव या गोष्टींची गरज असते. घोंगडी, लोकरीच्या इतर वस्तू आणि शेतात मेंढ्या बसवून मिळणारे खत यांना मोल मिळाले, तर काळी, काटक दख्खनी मेंढी पाळणे मेंढपाळाला परवडते. तापमानवाढ आणि अनियमित पाऊस यांमुळे उष्णता व टंचाई सहन करणाऱ्या जनुकांचे महत्त्व वाढत असताना दख्खनी मेंढीतील ही जनुके पुढील काळातील पैदाशीसाठी राखीव ठेव मानली जातात.